जागतिक प्रवाह, शिक्षणसुधारणा आणि मुंबईतील मुख्याध्यापक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळ-लालबागच्या पट्ट्यातील एका अनुदानित मराठी शाळेत मुख्याध्यापिका म्हणून काम केल्यानंतर आता मी शालेय व्यवस्थापन पदविकेच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘डीएसएम’च्या, संपर्कसत्रांत शिकवते. तिथे येणारे नवे मुख्याध्यापक आणि अधूनमधून पालकसभांत भेटणारे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. सर्व उत्तरे सारख्या लांबीची नाहीत, कारण सर्व प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

‘जागतिक प्रवाह’ म्हणजे नेमके काय, आणि दादर-कुर्ल्याच्या शाळेशी त्यांचा संबंध काय?

परदेशी कर्ज आणि त्यासोबतच्या अटी, देशोदेशींच्या विद्यार्थ्यांची तुलना करणाऱ्या परीक्षा, आंतरराष्ट्रीय परिषदांत ठरलेली उद्दिष्टे, परदेशी परीक्षा मंडळे, देणगीदार संस्था आणि सीमा न मानणारे शैक्षणिक विचार, या सर्वांना मिळून हा शब्द वापरला जातो. १९९० मध्ये थायलंडमधील जोमतिएन येथे ‘सर्वांसाठी शिक्षण’ ही घोषणा झाली, २००० मध्ये सेनेगलमधील डाकार येथे तिचा पुनरुच्चार झाला आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत दर्जेदार शिक्षणाला चौथे स्थान मिळाले. शाळेच्या फाटकापर्यंत मात्र यांतले काहीही या नावाने पोहोचत नाही. पोहोचतो तो शासन निर्णय, त्यामागोमाग परिपत्रक, त्यामागोमाग मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेली लिंक आणि ‘माहिती आजच भरावी’ असा निरोप. तो निरोप शिक्षण निरीक्षक कार्यालयातून आलेला असतो, तिथे तो पुण्याहून आणि पुण्याला दिल्लीहून. दिल्लीच्याही मागे तो शोधत गेले, तर पुष्कळदा वॉशिंग्टन किंवा पॅरिस लागते. म्हणून माझे विद्यार्थी-मुख्याध्यापक जेव्हा म्हणतात की जागतिकीकरणाशी आपला संबंध नाही, तेव्हा मी त्यांना आदल्या आठवड्यात भरलेले तक्ते काढायला सांगते.

हे सर्व १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर सुरू झाले, हे खरे का?

वेग तेव्हा वाढला. सुरुवात फार जुनी आहे. मुंबईच्या अनुदानित शाळा ज्या ‘अनुदान’ पद्धतीवर उभ्या आहेत, तिचे मूळ १८५४ च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे लंडनमध्ये झालेल्या एका निर्णयात आहे. १८६२ मध्ये इंग्लंडने विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील निकालावरून शाळेचे अनुदान ठरवण्याची पद्धत सुरू केली, आणि तीच पद्धत मुंबई इलाख्यातही अनुदान देताना वापरली गेली. इंग्लंडने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती सोडून दिली, कारण शिक्षक तपासनिसासाठी शिकवू लागले होते. भारतातील शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या १८८२ च्या हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हा त्यातला मुद्दा धोरण कोणी आखले आणि किंमत कोणी मोजली, याचाच हिशेब मांडतो. पुढच्या प्रश्नाचे उत्तर वाचताना १८६२ हे साल ध्यानात ठेवावे.

जागतिक बँक आपल्या शाळांमध्ये नेमके काय करते?

ती शाळा चालवत नाही. ती सरकारला कर्ज देते आणि कर्जासोबत काम करण्याची एक पद्धत देते. १९९१ च्या परकीय चलनाच्या संकटानंतर प्राथमिक शिक्षणासाठी मोठ्या प्रमाणावर बाहेरचा निधी घेण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. जागतिक बँकेबरोबर युरोपीय समुदाय, ब्रिटन, नेदरलँड्स आणि युनिसेफ यांचे साहाय्य त्याला होते. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात तो मराठवाड्यातील जिल्ह्यांत राबवला गेला, त्यामुळे मुंबईच्या शिक्षकांना त्याचे नाव फारसे आठवत नाही; परंतु जिल्हा आराखडे, शिक्षकांना मार्गदर्शन करणारी गटसाधन केंद्रे आणि ठरावीक नमुन्यातील प्रगती अहवाल ही त्यातून रुळलेली कार्यसंस्कृती पुढे सर्व शिक्षा अभियानातून राज्यभर आणि मुंबईतही आली.

जून २०२० मध्ये बँकेने शालेय शिक्षणसुधारणेच्या ‘स्टार्स’ या प्रकल्पासाठी ५० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्यात हिमाचल प्रदेश, केरळ, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, ओडिशा आणि राजस्थान ही सहा राज्ये होती, आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मान्यता दिली तेव्हा प्रकल्पाचा एकूण खर्च ५,७१८ कोटी रुपये सांगितला गेला. यातील महत्त्वाची गोष्ट रकमेत नाही. सर्व राज्यांच्या शालेय शिक्षणावरील एकत्रित खर्चाच्या तुलनेत ही रक्कम लहानच आहे. महत्त्व आहे ते वितरणाच्या अटीला : ठरवलेले निर्देशक साध्य झाल्याचे दाखवले की पैसा सुटतो. म्हणजे १८६२ मध्ये जी अट शाळेला होती, ती आता राज्याला आहे, आणि राज्य ती खाली सरकवत सरकवत शेवटी वर्गशिक्षिकेच्या टेबलावर आणून ठेवते.

याचा अर्थ बाहेरचा पैसा वाईट असतो असा काढू नये. पुस्तके, शौचालये, शिक्षकांची प्रशिक्षणे आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या सोयी सर्व शिक्षा अभियानाच्या काळात ज्या गतीने आल्या, ती गती त्याआधी मी पाहिली नव्हती. माझा आक्षेप एवढाच आहे की जे मोजता येते ते करण्याची सवय लागली, की जे मोजता येत नाही ते शाळेच्या वेळापत्रकातून हळूहळू गळून पडते. आमच्याकडे आधी वाचनालयाची तासिका गेली, मग हस्तकलेची.

‘पिसा’ परीक्षेत भारत का दिसत नाही?

पॅरिसमध्ये मुख्यालय असलेली आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना २००० पासून पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची ही चाचणी घेते. भारताच्या वतीने २००९ च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये उतरली, निकालात ती यादीच्या तळाशी आली, आणि प्रश्न भारतीय संदर्भाला धरून नाहीत असे सांगून देशाने पुढच्या फेऱ्यांकडे पाठ फिरवली. २०१९ मध्ये पुन्हा करार झाला. केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि चंदीगड यांची निवडही झाली. करोनामुळे फेरी २०२२ पर्यंत पुढे गेली आणि भारत तिच्यात उतरला नाही.

परीक्षेला बसलो नाही, तरी तिची छाया पडलीच. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचा, म्हणजे मुले काय शिकली हे तपासणाऱ्या केंद्राच्या पाहणीचा, भर, ‘क्षमताधिष्ठित प्रश्न’ हा शब्द आणि पाठांतराऐवजी उपयोजन तपासण्याचा आग्रह यांमागे तो अपमानही आहे. व्यक्तिशः मला हा आग्रह पटतो. तो लाज वाटून आला याचे वैषम्य वाटते.

‘निपुण भारत’ हा आपला कार्यक्रम की जगाचा?

दोन्ही. जागतिक बँकेने २०१९ मध्ये ‘अध्ययन दारिद्र्य’ ही कल्पना पुढे आणली. दहा वर्षांच्या मुलाला साधा मजकूर वाचून समजत नसेल, तर ते मूल या व्याख्येत बसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाला अग्रक्रम दिला आणि जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झाले. पण तिसरीतल्या मुलाला वाचता आले पाहिजे, हे सांगायला कोणत्याही बँकेची गरज नव्हती. आपल्याकडील गावोगावच्या सर्वेक्षणांनी ते २००५ पासून दाखवून दिले होते, आणि त्या सर्वेक्षणांचा उगम मुंबईत आहे. त्याविषयी पुढे येईलच.

मुख्याध्यापकाला ‘शैक्षणिक नेतृत्व’ हा शब्द केव्हापासून चिकटला?

मी नोकरीला लागले तेव्हा मुख्याध्यापक हा ‘कारभार पाहणारा’ माणूस होता : हजेरीपट, वेतनदेयके, संस्थाचालक, शाळा तपासणी. ‘नेतृत्व’ हा शब्द इंग्लंड, न्यूझीलंड आणि अमेरिका यांच्या अनुभवातून आला. इंग्लंडने १९८८ च्या कायद्याने शाळेचे अंदाजपत्रक शाळेच्याच हाती दिले. न्यूझीलंडने १९८९ मध्ये प्रत्येक शाळेला पालकांचे निर्वाचित मंडळ देऊन मधली प्रशासकीय उतरंड काढून टाकली. शाळा स्वतंत्र घटक झाली, तसा तिचा प्रमुख एखाद्या कंपनीच्या व्यवस्थापकासारखा उत्तरदायी झाला, आणि त्याला घडवण्यासाठी खास संस्था निघाल्या. इंग्लंडचे राष्ट्रीय शालेय नेतृत्व महाविद्यालय २००० मध्ये नॉटिंगहॅम येथे उभे राहिले. भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत २०१२ मध्ये राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र स्थापन झाले, आणि त्याच्या अभ्यासक्रमाच्या जडणघडणीत त्या इंग्लिश संस्थेचे सहकार्य होते. पुढे गंमत अशी झाली की २०१३ मध्ये ती मूळ संस्था दुसऱ्या सरकारी यंत्रणेत विलीन झाली, आणि तिच्याकडे पाहून घडलेले आपले केंद्र अजून चालू आहे. राष्ट्रीय धोरणाने आता शिक्षकांइतकेच मुख्याध्यापकांसाठीही दरवर्षी किमान ५० तासांचे सातत्यपूर्ण व्यावसायिक प्रशिक्षण सुचवले आहे.

शब्द आला, ज्या जमिनीत तो तिकडे रुजला, ती जमीन मात्र आली नाही. महाराष्ट्रातील खाजगी शाळांत मुख्याध्यापक कसा नेमला जातो, हे १९७७ चा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली यांनी ठरते, आणि त्यात सेवाज्येष्ठता हा कणा आहे. या नियमाची टिंगल करण्याची फॅशन आहे. परंतु संस्थाचालकाचा भाचा रातोरात मुख्याध्यापक होऊ नये, म्हणून हा नियम आला आणि शिक्षक संघटनांनी तो जपला, हे विसरता कामा नये. त्याची दुसरी बाजूही खरी आहे : निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या ज्येष्ठ शिक्षकाच्या हाती शाळा येते, आणि पाच वर्षांचा शाळा विकास आराखडा लिहिण्याचे प्रशिक्षण त्याला दिले जाते.

मग मुख्याध्यापकाला प्रत्यक्ष अधिकार किती असतात?

उत्तरदायित्वाच्या मानाने फारच थोडे. शिक्षक निवडण्याचा अधिकार त्याला नाही; अनुदानित शाळेत भरती शासनाच्या ‘पवित्र’ या भरती-पोर्टलवरून होते आणि पदे संचमान्यतेत, म्हणजे विद्यार्थिसंख्येवरून होणाऱ्या पदमंजुरीत, ठरतात. वेतनाचा पैसा त्याच्या हातून जात नाही. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश पालक हवेत, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांत ही समिती केवळ सल्लागार आहे. उलट शाळेची माहिती केंद्राच्या ‘यू-डायस’ या ऑनलाइन प्रणालीत, विद्यार्थ्यांची राज्याच्या ‘सरल’ प्रणालीत, शाळेचे स्वयंमूल्यमापन २०१५ पासून ‘शाळासिद्धी’च्या सात क्षेत्रांत, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक नव्या आराखड्यात, हे सर्व त्यानेच भरायचे. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये तर शिक्षकांनी दर सोमवारी विद्यार्थ्यांच्या गटांसोबत सेल्फी काढून ‘सरल’वर चढवावी, असा शासन निर्णय निघाला होता, विरोध झाल्यावर तो बासनात गेला.

इंग्लंड-न्यूझीलंडमधील सुधारणांचा सौदा असा होता : अधिकार घ्या आणि हिशेब द्या. आपल्याकडे सौद्याचा दुसरा भागच तेवढा उतरला. माझ्या मते मुंबईतील शालेय नेतृत्वासंबंधीची सर्वांत मोठी अडचण हीच आहे, आणि कोणत्याही कार्यशाळेतील ‘दूरदृष्टी’ नावाच्या सत्राने ती सुटत नाही.

यात भर पडते ती पटाची. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक स्तरावर १५० हून अधिक पट असेल तरच मुख्याध्यापकाचे पद मिळते. गिरगाव, दादर, परळ येथील अनेक मराठी शाळांत पट त्याखाली गेला आहे. जिथे नेतृत्वाची गरज सर्वांत जास्त, तिथे ते पदच उरत नाही, आणि एखादी शिक्षिका वर्ग सांभाळून ‘प्रभारी’ होते.

महापालिकेच्या शाळांवर या प्रवाहांचा परिणाम कसा झाला?

मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत शाळा चालवते. देशात दुसऱ्या कोणत्या नगरपालिकेवर इतका भाषिक भार असेल, असे मला वाटत नाही. या शाळांमध्ये दोन परदेशी कल्पना सरळ ओळखता येतात. पहिली, सरकारी इमारत आणि सरकारी विद्यार्थी, पण चालवणारी संस्था खाजगी. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये अशा ‘चार्टर’ शाळांचा पहिला कायदा केला. मुंबईत हीच कल्पना सार्वजनिक-खाजगी भागीदारीच्या रूपाने आली आणि आकांक्षा फाउंडेशनसारख्या संस्था महापालिकेच्या काही शाळा चालवू लागल्या. दुसरी, नुकत्याच पदवीधर झालेल्या हुशार तरुणांनी दोन वर्षे गरीब वस्तीतील वर्गात शिकवायचे. अमेरिकेत १९९० मध्ये सुरू झालेला हा प्रयोग २००९ मध्ये ‘टीच फॉर इंडिया’ या नावाने मुंबई आणि पुण्यात आला.

या तरुणांबद्दल माझे मत वेळोवेळी बदलले आहे. त्यांची मेहनत आणि मुलांवरची माया मी जवळून पाहिली आहे. तरीही दोन वर्षांनी जाणारा शिक्षक आणि २००० मध्ये तीन हजार रुपये मानधनावर सुरू झालेला ‘शिक्षणसेवक’, म्हणजे सुरुवातीला पूर्ण वेतनाऐवजी मानधनावर नेमला जाणारा शिक्षक, यांच्याकडे एकत्र पाहिले, की शिक्षकीपेशा ही आयुष्यभराची वाट आहे, ही समजूत दोन्ही टोकांनी कुरतडली गेल्याचे दिसते. शिक्षणसेवकांचे मानधन प्राथमिक स्तरावर २०२३ मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार झाले. मुंबईत तेवढ्यात भाड्याची खोलीही धड मिळत नाही.

आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळा सुधारणा घडवतात का?

त्यांच्या पालकांसाठी घडवत असतील. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झाली ती देशोदेशी फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी. मुंबईत ती मुख्यतः इथेच राहणाऱ्या, पण पुढे बाहेर जाऊ पाहणाऱ्या कुटुंबांची झाली. राज्याने २०१८ मध्ये स्वतःचे आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढले होते. सरकार बदलल्यावर ते गुंडाळले गेले.

ज्ञानरचनावाद परदेशी आहे, मग तो आपल्या शाळांनी का स्वीकारला?

ज्ञानरचनावाद म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवते, ही भूमिका. तिच्यामागचे स्वित्झर्लंडचे पियाजे आणि रशियाचे व्हायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांचे विचार २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातून आपल्याकडे अधिकृतपणे आले. दहा वर्षे ते प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत पडून होते. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील (एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांच्या गटातील) जिल्हा परिषद शाळांनी ते फरशीवर उतरवले : अक्षरांचे, संख्यांचे तक्ते जमिनीवर, मुले गटात, शिक्षिका खाली बसलेली. राज्यभरातून शिक्षक तो प्रयोग पाहायला गेले, आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयाने त्याला बळ मिळाले. मुंबईतही शाळाशाळांच्या फरश्या रंगल्या. काही ठिकाणी मात्र फक्त फरश्याच रंगल्या. मुले तक्त्याभोवती रांगेत बसून तोच धडा एका सुरात म्हणताना मी पाहिली आहेत. जे साताऱ्यात शिक्षकांनी स्वतः विचार करून घडवले होते, ते मुंबईत परिपत्रकाने आले होते.

सारे काही बाहेरूनच येते का? मुंबईने जगाला काही दिले का?

दिले, आणि ते पुरेसे सांगितले जात नाही. १९९५ मध्ये महापालिका आणि युनिसेफ यांच्या साथीने ‘प्रथम’ ही संस्था मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील बालवाड्यांतून उभी राहिली. तिचा ‘बालसखी’ कार्यक्रम अगदी साधा होता : तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक शिकलेली मुलगी रोज दोन तास वेगळे बसवून त्यांच्या पातळीपासून शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व बडोद्यात या कार्यक्रमाचे प्रयोगसिद्ध मूल्यमापन केले, ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. (बॅनर्जींचा जन्मही मुंबईचाच.) इयत्तेऐवजी पातळीनुसार शिकवण्याची ही पद्धत आज झांबियासह आफ्रिकेतील अनेक देशांत वापरली जाते, आणि ‘प्रथम’ने २००५ मध्ये सुरू केलेल्या, मुलांचे वाचन-गणित गावोगावी तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या धर्तीवर पाकिस्तानात व पूर्व आफ्रिकेत सर्वेक्षणे होतात.

यातला विरोधाभास असा की हीच पद्धत पुढे धोरणाच्या आणि निर्देशकांच्या भाषेत आपल्याकडे परत आली, तेव्हा मुंबईच्या कित्येक शिक्षकांना ती परदेशी वाटली.

फिनलंड किंवा सिंगापूरची नक्कल केली तर?

दिल्ली आणि पंजाबच्या सरकारांनी मुख्याध्यापकांना सिंगापूरला पाठवले, त्याची चर्चा बरीच झाली. तेथे भावी मुख्याध्यापक निवडले जातात, सहा महिने पूर्णवेळ शिकतात आणि ठरावीक वर्षांनी त्यांची शाळा बदलते. आठवड्याच्या सहलीत हे बांधून आणता येत नाही. फिनलंडचे शिक्षणतज्ज्ञ पासी साल्बर्ग यांनी तर प्रमाणित चाचण्या, स्पर्धा आणि खाजगी क्षेत्राच्या व्यवस्थापनपद्धती यांच्या जागतिक लाटेला इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ‘जर्म’, म्हणजे जंतू, असे नाव दिले आहे. ज्या देशाची नक्कल करायला आपण निघतो, तिथल्याच जाणकाराने त्या लाटेला रोग म्हणावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मुंबईतील मराठी शाळा जागतिकीकरणामुळेच बंद पडत आहेत का?

एकट्या त्यामुळे नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या संपल्या, गिरणगावातील कुटुंबे डोंबिवली-विरारच्या पलीकडे गेली, आणि शाळांच्या इमारती मागे राहिल्या. सेवाक्षेत्रातील नोकऱ्यांनी इंग्रजीचे मोल वाढवले, आणि २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदान न घेणाऱ्या, शाळांच्या कायद्याने नव्या शाळांना दार उघडले. शिक्षण हक्क कायद्यात गरीब मुलांसाठी खाजगी शाळांत २५ टक्के जागांची तरतूद आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी शाळांना त्यातून सूट देणारी राज्याची २०२४ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. मराठी शाळा वाचवण्यासाठी ही सूट हवी होती, असे सांगणारे शिक्षक मला भेटले आहेत. त्यांचे दुःख मला समजते; पण गरीब पालकाची निवड काढून घेऊन शाळा भरणे मला मान्य नाही.

पालक म्हणून किंवा व्यवस्थापन समितीचे सदस्य म्हणून आम्ही काय विचारावे?

नवी योजना शाळेत आली की मुख्याध्यापकांना दोष देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. ही योजना कोणाच्या पैशातून चालते आणि ती केव्हा संपते? तिच्यासाठी शिक्षकांचे आठवड्याला किती तास जातात आणि ते कोणत्या तासिकांतून काढले आहेत? गोळा केलेली माहिती शाळेला परत मिळते का, की ती एकाच दिशेने वर जाते? आणि या योजनेत शाळेला स्वतःहून काय बदलता येते? शेवटच्या प्रश्नाला बहुतेकदा ‘काहीच नाही’ असे उत्तर येईल. ते बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे आणि त्याची प्रत शिक्षण निरीक्षक कार्यालयाला, महापालिकेची शाळा असल्यास विभाग निरीक्षकांना, पाठवावी. पोच मात्र शिक्क्यासह घ्यावी.